किल्लीची तारीख कागदावर घ्या

लोधिवली, चौक, मोहोपाडा, रसायनी या पट्ट्यातल्या घरमालकांना आणि भाडेकरूंना एक कळकळीची विनंती. नव्या भाडेकरूला खोलीचा ताबा ज्या दिवशी देणार, तो दिवस कागदावर लिहा आणि तो पाळा. भाडं किती, डिपॉझिट किती, अकरा महिन्यांनी किती वाढवायचं, हे आपण चोख ठरवतो. किल्ली कधी मिळणार, हे मात्र “एक तारखेला या, तोवर खाली होईल” एवढ्या तोंडी शब्दावर सोडतो. मग एक तारखेला माणूस बिऱ्हाड घेऊन दारात उभा राहतो आणि आत जुन्या भाडेकरूची भांडी अजून मांडणीवर असतात.

आपल्या भागात ही किरकोळ बाब नाही. पाताळगंगा एमआयडीसीतले कारखाने, महामार्गावरची गोदामं आणि हॉटेलं, दवाखाने, शाळा यांच्यामुळे इथे माणसांची ये-जा कायम चालू असते. कुणी मराठवाड्यातून आलेला हेल्पर, कुणी उत्तर प्रदेशातला फिटर, कुणी नर्स, कुणी शिक्षिका. कंत्राट संपलं की खोली बदलते, लग्न झालं की बदलते, मूल शाळेत जायला लागलं की बदलते. खोली देणाराही बहुतेक वेळा कुणी मोठा शेठ नसतो. घराशेजारी दोन-चार खोल्या बांधून घेतलेलं गावातलंच कुटुंब असतं आणि त्या भाड्यावर त्यांचं औषधपाणी, मुलांची फी भागते. दोन्ही बाजूंना हातावर मोजून पैसे खर्च करणारी माणसं आहेत. म्हणून पंधरा दिवसांचा घोळ दोघांनाही जड जातो.

जूनचा पहिला आठवडा डोळ्यांसमोर आणा. छोटा हत्ती गल्लीच्या तोंडाशी उभा आहे. वर कपाट, गादी, पिंप, सिलिंडर, मुलांची सायकल आणि त्यावर ताडपत्री. अर्ध्या तासाने ड्रायव्हर सांगतो, “साहेब, वेटिंग लागेल.” घरमालक फोनवर म्हणतात, “तो दोन दिवसांत जातो म्हणतोय.” आधीची खोली सकाळीच सोडलेली, तिथे दुपारी दुसरं कुटुंब शिरलेलं. शेवटी सामान ओळखीच्या माणसाच्या ओट्यावर जातं, बायको-मुलं माहेरी जातात आणि नवरा सेकंड शिफ्ट करून मित्राच्या खोलीवर पाठ टेकतो. दोन दिवसांचे दहा दिवस होतात. जूनच्या मध्यावर शाळा उघडते तेव्हा मुलांची दप्तरं कुठल्या पोत्यात आहेत हेही सापडत नाही. हमाली दोनदा द्यावी लागते, टेम्पो दोनदा करावा लागतो, कामावरचे खाडे पडतात ते वेगळेच.

उशीर होण्याची कारणं नीट पाहिली तर चारच निघतात. जुना भाडेकरू वेळेवर निघत नाही. खोलीची दुरुस्ती राहून जाते. मध्येच जास्त भाडं देणारा कुणी भेटतो आणि घरमालकाचं मन पालटतं. चौथं कारण सगळ्यांत जास्त आढळतं आणि त्याच्याविषयी कुणी उघड बोलत नाही: डिपॉझिटचा गुंता.

जुन्या भाडेकरूचं डिपॉझिट घरमालकाने केव्हाच वापरलेलं असतं, कधी पत्र्यासाठी, कधी मुलीच्या लग्नासाठी. तो जुन्याला म्हणतो, “नव्याचे पैसे आले की तुझे देतो.” जुना म्हणतो, “पैसे हातात पडल्याशिवाय सामान हलवणार नाही, मला पुढच्या खोलीचं डिपॉझिट भरायचंय.” नवा म्हणतो, “किल्ली मिळाली की पैसे देतो.” तिघांचंही म्हणणं आपापल्या जागी रास्त आहे आणि तिघेही अडून बसलेत. यातून सुटायचा मार्ग एकच: तिघांनी एकाच वेळी, एकाच खोलीत बसावं. नव्याने डिपॉझिट द्यावं, त्यातून तिथल्या तिथे जुन्याचं परत जावं, जुन्याने किल्ली टेबलावर ठेवावी आणि तिघांनी सह्या कराव्यात. अर्ध्या तासाचं काम आहे. मात्र ते फोनवर होत नाही आणि एजंटच्या भरवशावरही होत नाही.

घरमालकांनो, डिपॉझिट हे तुमचं उत्पन्न नाही. ती दुसऱ्याची रक्कम तुमच्याकडे सांभाळायला दिलेली आहे. ती बँकेत वेगळी मुदत ठेव म्हणून ठेवा आणि सोडून जाणाऱ्याने तारीख दिली की मोडा. एवढं केलंत तर उशिराचं मोठं कारण तुमच्या दारातून निघून जाईल.

दुरुस्तीबद्दल एक उदाहरण सांगतो, कारण ते लांबचं नाही. याच जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर, आपल्याकडून पनवेलला जाताना कोन गाव लागतं. एमएमआरडीएच्या भाडेतत्त्वावरील घरांच्या योजनेतून तिथे इमारती उभ्या राहिल्या. त्यातली 2,417 घरं गिरणी कामगारांना द्यायचं ठरलं आणि म्हाडाने डिसेंबर 2016 मध्ये त्यांची सोडत काढली. नावं लागली, पण किल्ल्या मिळायला वर्षामागून वर्षं गेली. 2020 मध्ये करोना आला तेव्हा ती घरं विलगीकरणासाठी वापरली गेली. त्यानंतर घरांची दुरुस्ती करायची वेळ आली तेव्हा ती कुणी करायची, खर्च कुणी सोसायचा, यावरून दोन सरकारी यंत्रणांमध्ये काम अडून राहिलं. ज्यांनी उभं आयुष्य गिरणीत घालवलं, त्या म्हाताऱ्या माणसांना तयार इमारतीकडे बघत ताब्याची वाट पाहावी लागली.

एवढ्या मोठ्या यंत्रणांमध्ये जे घडलं तेच आपल्या एका खोलीच्या व्यवहारात घडतं. दुरुस्ती कुणाची, ती कोणत्या तारखेपर्यंत पुरी करायची आणि झाली नाही तर काय, हे आधी लिहिलेलं नसेल तर चूक कुणाचीही असो, दाराबाहेर थांबतो तो राहायला येणारा.

म्हणून घरमालकांना काही गोष्टी स्पष्ट सांगाव्याशा वाटतात. जुना भाडेकरू “जातो” म्हणाला म्हणजे गेला, असं धरू नका. तो कुठे जाणार, पुढची खोली पक्की झाली का, हे विचारा आणि निघण्याची तारीख त्याच्याकडून लिहून घ्या, मग ती साध्या कागदावर असो की व्हॉट्सअॅपवर. पुष्कळदा तो स्वतःच्या नव्या फ्लॅटच्या ताब्याची वाट पाहत असतो आणि बिल्डरने तारीख पुढे ढकलली की तुमचीही आपोआप ढकलली जाते. त्याचं लेखी उत्तर येईपर्यंत दुसऱ्याकडून टोकन घेऊ नका.

जुना जाण्याची आणि नवा येण्याची तारीख एकच ठेवू नका. मध्ये उन्हाळ्यात निदान पाच-सहा दिवस आणि पावसाळ्यात दहा-बारा दिवस मोकळे सोडा. आपल्या कोकणच्या पावसात ओल्या भिंतीवर रंग मारला तर पोपडे धरतात, पुट्टी वाळत नाही, स्लॅब गळतो तो नेमका कुठून हेच चार दिवस कळत नाही. आवणीच्या दिवसांत बिगारी मिळत नाहीत, गणपतीत पेंटर मिळत नाही. पितृपक्षात नवं कुटुंब घरात शिरायला राजी नसतं, अमावस्येला जुनं निघायला राजी नसतं. हे दरवर्षीचं आहे, अचानक आलेलं नाही. तेव्हा कॅलेंडर समोर घेऊन तारीख ठरवा. दहा दिवसांचं भाडं बुडेल असं वाटत असेल तर हिशेब करून पाहा: महिना 8,000 रुपयांच्या खोलीचे दहा दिवसांचे 2,667 रुपये होतात. दोन कुटुंबांशी भांडण, एजंटची कटकट आणि गावातली बदनामी यांच्यापेक्षा ते स्वस्त आहेत.

उशीर होणार हे ज्या क्षणी कळेल त्याच क्षणी नव्या माणसाला फोन करा. आठ दिवस आधी कळलं तर तो आधीची खोली थांबवून धरू शकतो, टेम्पो रद्द करू शकतो, रजा बदलू शकतो. सामान गाडीत चढल्यावर कळलं तर त्याच्या हातात काहीच उरत नाही. वाईट बातमी लवकर सांगण्याने माणसाची पत जात नाही, उलट वाढते.

आणि जास्त भाड्याच्या मोहापायी दिलेला शब्द मोडू नका. एकाचं टोकन घेऊन दुसऱ्याला खोली देणं हा धंदा नव्हे, ही फसवणूक आहे. गावात दहा खोल्यांची चाळ चालवायची असेल तर तिचं खरं भांडवल विश्वास हेच आहे.

आता भाडेकरूंनो, तुमच्याकडे वळतो. भाड्याचा फलक पाहून किंवा एजंटच्या फोनवरून खोली पसंत पडली तरी पैसे काढण्याआधी तीन कामं करा. एक, खोली कुणाच्या नावावर आहे ते पाहा. ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा, म्हणजे नमुना 8, आणि ताजं लाइट बिल दाखवा म्हणावं. तीन भावांचं सामाईक घर असेल आणि एकाने परस्पर खोली दिली असेल तर किल्लीच्या दिवशी दुसरा भाऊ आडवा येतो. दोन, सध्या आत राहणाऱ्या माणसाला स्वतः भेटा. “काका, तुम्ही कधी निघताय? डिपॉझिट मिळालं का?” एवढे दोन प्रश्न पुरेत. खरी तारीख त्याच्याकडूनच कळते. तीन, टोकन थोडं द्या आणि त्याची पावती घ्या. डिपॉझिटची मोठी रक्कम किल्ली घेतानाच द्या. रोख देऊ नका, खात्यावर द्या, म्हणजे नोंद राहते.

आधीची खोली नवीन किल्ली मिळण्याच्या दिवशीच सोडू नका. जमलं तर चार दिवस पुढची तारीख द्या आणि त्या दिवसांचे पैसे आधीच्या मालकाला मोजा. हा खर्च वायफळ नाही. ज्यांच्या घरात म्हातारं माणूस, बाळंतीण किंवा तान्हं मूल आहे त्यांनी तर हे कटाक्षाने करावं.

करारात काय लिहायचं, याबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण सगळं बळ तिथेच आहे. फ्लॅट विकत घेणाऱ्याला बिल्डरने ताबा लांबवला तर व्याज मिळण्याचा हक्क 2016 च्या स्थावर संपदा कायद्याने, म्हणजे रेराने दिला आहे. भाड्याने घर घेणाऱ्यासाठी असा तयार दर कुठल्या कायद्यात लिहिलेला नाही. त्याने तो आपल्या करारातच लिहून घ्यायचा असतो. चार वाक्यं पुरतात:

“खोलीचा मोकळा ताबा दिनांक अमुक रोजी सायंकाळी 5 वाजेपर्यंत देण्यात येईल आणि ही तारीख या कराराची मुख्य अट आहे. भाडे आणि कराराची मुदत प्रत्यक्ष किल्ली दिल्याच्या दिवसापासून मोजली जाईल. ताबा देण्यास उशीर झाल्यास दर दिवशी अमुक रुपये भाड्यातून वळते केले जातील. अमुक दिवसांत ताबा न मिळाल्यास भाडेकरूस करार रद्द करता येईल आणि टोकनसह सर्व रक्कम तीन दिवसांत परत केली जाईल.”

यातलं पहिलं वाक्य वाटतं तितकं साधं नाही. भारतीय करार कायदा 1872 मधल्या कलम 55 नुसार, वेळ ही कराराची मुख्य अट असेल आणि समोरच्याने ती पाळली नाही, तर दुसऱ्या बाजूला करार रद्द करता येतो. त्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे जी फार थोड्यांना माहीत असते. तुम्ही रद्द न करता उशिराने किल्ली स्वीकारली आणि त्या वेळी काहीच बोलला नाहीत, तर नंतर नुकसानभरपाई मागता येत नाही. म्हणून उशिरा किल्ली घेताना एक ओळ लिहून पाठवा: “आज अमुक दिवस उशिराने ताबा घेत आहे, उशिराच्या भरपाईचा हक्क राखून ठेवला आहे.” भांडायची इच्छा नसली तरी लिहा. उशिराच्या दिवसाची रक्कमही वाजवी ठेवा, कारण करारात कितीही आकडा घातला तरी कलम 74 प्रमाणे न्यायालय त्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई देतं. दिवसाच्या भाड्याएवढी किंवा त्याच्या दुप्पट रक्कम कुणालाही पटेल.

मुदतीचं वाक्यही विसरू नका. करारात 1 जून लिहिलंय आणि किल्ली 15 जूनला मिळाली, तर अकरा महिन्यांतले चौदा दिवस तुमच्या हातून गेले. करार सही झाल्यापासून 4 महिन्यांच्या आत नोंदवता येतो, तेव्हा तारीख पक्की होण्याआधी घाई करायचं कारण नाही. पण नोंदणी टाळू मात्र नका. राज्याच्या 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 55 सांगतं की करार लेखी आणि नोंदणीकृत हवा आणि तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदवला नाही तर वादात भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात, घरमालक उलट सिद्ध करेपर्यंत. खर्चही फार नाही. लिव्ह अँड लायसन्स कराराला मुद्रांक शुल्क 0.25 टक्के लागतं. 8,000 भाडं, 25,000 डिपॉझिट आणि अकरा महिने धरले तर ते सव्वादोनशेच्या आसपास जातं, आणि ग्रामीण भागात नोंदणी फी 500 रुपये. दोघांनी निम्मे-निम्मे भरले तर कुणाला जड नाही.

मुदत संपूनही जो निघत नाही, त्या जुन्या भाडेकरूलाही दोन शब्द. तुमची अडचण खरी असेल, पण तुमच्या अडचणीचं ओझं तुम्ही एका अनोळखी कुटुंबाच्या डोक्यावर ठेवताय. भाडे नियंत्रण कायद्याच्याच कलम 24 नुसार, राहण्यासाठी लायसन्सवर दिलेल्या घराचा ताबा मुदत संपताच परत द्यावा लागतो. नाही दिला तर घरमालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो आणि राहिलेल्या दिवसांचं भाडं दुप्पट दराने भरावं लागू शकतं. हा कायदा राज्यभर सरसकट लागत नाही, नेमून दिलेल्या भागांना लागतो. त्यामुळे आपल्या खोलीला त्यातलं काय लागू होतं ते तालुक्याच्या वकिलाकडून आधी विचारून घ्या. पण कायदा काहीही असो, दिलेल्या तारखेला निघता येत नसेल तर पंधरा दिवस आधी सांगण्याएवढी माणुसकी प्रत्येकाला जमते.

आणि घरमालकांनी यावर उपाय म्हणून लाइट तोडणं, पाण्याचा नळ बंद करणं, कुलूप बदलणं यातलं काहीही करू नये. भाडेकरूची गरजेची सेवा तोडायला भाडे नियंत्रण कायद्याने मनाई केली आहे. जबरदस्तीने बाहेर काढलेल्या माणसाला 1963 च्या विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम 6 खाली 6 महिन्यांच्या आत ताबा परत मागता येतो. म्हणजे घाईने केलेल्या कामाने उशीर वाढतोच.

किल्ली देण्या-घेण्याच्या दिवशी काय करावं, तेही सांगतो. दिवसाउजेडी या. आधी मीटरचा फोटो काढा, आकडा वाचता येईल असा, आणि महावितरणचं मागचं बिल भरलंय का ते ग्राहक क्रमांकावरून मोबाइलवरच पाहा. मग मोरीतला, स्वयंपाकघरातला आणि संडासातला नळ एकाच वेळी सोडा. पाणी किती जोराने येतं आणि मोरीत तुंबतं का, हे तेव्हाच कळतं. बेसिनखाली हात फिरवा, ओल लागली तर लिहा. प्रत्येक बटण दाबा, पंखा पाचवर फिरवा. दार आतून कडी लावून पाहा. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि कडी कोयंड्यात बसत नाही. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात काळे डाग असतील तर तिथे गळती आहे, नुसता रंग मारून ती झाकलेली नाही ना ते पाहा. नळपट्टी, घरपट्टी कुणी भरायची ते बोला. हे सगळं एका कागदावर लिहून, किती किल्ल्या दिल्या तेही नमूद करून, दोघांनी सही करा आणि त्याचा फोटो एकमेकांना पाठवा. ज्या वस्तू दुरुस्त व्हायच्या आहेत त्यांच्यासमोर तारीख घाला. पुढे डिपॉझिट परत देताना होणारी निम्मी भांडणं हाच कागद मिटवतो.

ज्यांचा ताबा आजच अडकलाय त्यांनी घाबरू नये आणि कुलूप तोडायलाही जाऊ नये. आधी घरमालकाला लेखी विचारा: कोणत्या तारखेला देणार, आणि तोवर माझी सोय काय? दोन दिवसांत ठोस उत्तर नाही आलं तर ठरवा. थांबायचं असेल तर नवी तारीख आणि उशिराची रक्कम लिहून घ्या. नको असेल तर पैसे परत मागा आणि त्यालाही तारीख द्या. गावातल्या तंटामुक्त समितीला मध्ये घेता येतं. 2007 पासून ही मोहीम अशा घरगुती, दिवाणी कुरबुरींसाठीच आहे. तिथे नाही मिटलं तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना आणि औद्योगिक कामगारांना मोफत वकील मिळतो. आपल्या भागातल्या कितीतरी भाडेकरूंना हा हक्क आहे आणि त्यांना तो ठाऊकही नाही.

शेवटची विनंती ग्रामपंचायतींना. 1 मेच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. जूनच्या गर्दीआधी महिनाभर हातात असतो. ताब्याचा एक पानी नमुना मराठीत आणि हिंदीत छापा, कार्यालयात ठेवा, चाळमालकांना वाटा. आणि घरमालकांनो, पुढच्या दोन महिन्यांत तुमची कोणती खोली खाली होणार आहे, ते आज संध्याकाळीच आतल्या माणसाला जाऊन विचारा. त्याची तारीख लिहून घ्या, तीत दहा दिवस मिळवा, आणि मगच नव्या कुटुंबाला शब्द द्या.